नवरदेवाचे स्नीकर आणि आमचे काळे बूट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत लग्नसराईतल्या पुरुषांच्या पोशाखावर लेख आला आणि त्यानंतर त्यावर वाचकांची पत्रं येत राहिली. शेरवानीखाली पांढरे स्नीकर घालून उभ्या राहणाऱ्या नवरदेवांची सगळ्यांनी मिळून चांगलीच हजेरी घेतली आहे. कुणाला त्यात उद्धटपणा दिसला, कुणाला आळस, एकाला तर थेट संस्कृतीचा ऱ्हास. पुरुषाची पत त्याच्या पॉलिश केलेल्या काळ्या बुटांवरून कळायची आणि ती पत आता राहिली नाही, असा एकूण सूर. बोहल्यावर चढताना नवरदेव जोडे काढूनच चढतो, हे या मंडळींना ठाऊक नसेल असं नाही. म्हणजे भांडण आहे ते वरातीपुरतं आणि संध्याकाळच्या रिसेप्शनपुरतं. तेवढ्यासाठी संस्कृतीला कशाला हाक मारायची?

मी या वादात तोंड घालतो, कारण माझं बरंचसं आयुष्य म्हापशाच्या बाजारात लोकांच्या पायांशी बसून गेलं. आमचं जोड्यांचं दुकान. आता मुलगा बघतो. मी सकाळी जाऊन गल्ल्यामागे बसतो आणि त्याला नको असलेले सल्ले देतो. तिथे चालत नाहीत ते सल्ले आज तुमच्याकडे पाठवतो आहे.

काळे लेसवाले बूट ही आपली परंपरा, असं जे लिहिलं गेलं, तिथूनच माझी हरकत सुरू होते. कुणाची परंपरा? पोर्तुगीज अमदानीत सूटबूट घालायचे ते भाटकार म्हणजे जमीनदार, वकील, कचेरीतले वरचे लोक. बाकीच्या गोव्याच्या पायात वहाणा असायच्या किंवा काहीच नसायचं. वडील सांगायचे की फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, लांबून येणारी माणसं बूट हातात धरून चालत यायची, इगर्जीजवळ (चर्चजवळ) आल्यावर पाय धुऊन ते चढवायची आणि परतीच्या वाटेवर पुन्हा काढायची. बूट हा दागिन्यासारखा अंगावर घालून मिरवायचा आणि पेटीत ठेवायचा. रोजच्या पायात काळे बूट आले ते १९६१ च्या मुक्तीनंतर. शाळा वाढल्या, कॉलेजं निघाली, सरकारी नोकऱ्या आल्या, आणि सेक्रेटरिएटमध्ये चिकटलेल्या मुलाने पहिल्या पगारात घ्यायची वस्तू म्हणजे काळा जोड. दोन पिढ्यांची गोष्ट ही. तिला परंपरा म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग आजचे स्नीकरही अजून वीस-पंचवीस वर्षांत परंपरा होणार, हे मान्य करा.

शिवाय त्या बुटाचं आणि आपल्या उंबरठ्याचं कधी पटलंच नाही. ज्या देशांत तो तयार झाला तिथे माणूस सकाळी बूट घालतो आणि रात्री निजताना काढतो. आपल्याकडे घरात शिरताना काढायचा, देवळात काढायचा, दुसऱ्याच्या घरी चहाला गेलं तरी काढायचा. मंगेशीला किंवा कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळाबाहेर लेस सोडत वाकलेला माणूस आणि त्याच्यामागे खोळंबलेलं कुटुंब मी किती वेळा पाहिलं आहे! म्हणून आमच्या गिऱ्हाइकांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. लेस एकदाच बांधायची, ती बूट फाटेपर्यंत सोडायची नाही आणि टाच चेपून आत पाय सारायचा. महिन्याभरात मागची कड मोडून पडायची. मग तेच बूट घेऊन दुकानात: "पात्रांव, हें कितें म्हाल दिलें तुमी?" (शेठ, हा कसला माल दिलात?) माल चांगलाच असायचा. मी प्रत्येक जोडाबरोबर एक शू हॉर्न, म्हणजे टाच न चेपता पाय आत सारायची पट्टी, फुकट द्यायला लागलो. लोक तो घेऊन जायचे आणि त्याने पाठ खाजवायचे.

आता जरा धंद्यातलं सांगतो, कारण पत्रं लिहिणाऱ्यांनी सगळ्या बुटांना सरसकट 'फॉर्मल' म्हटलं आहे. लेसच्या बुटांत मुख्य दोन जाती. ऑक्सफर्डमध्ये लेसची दोन्ही पानं पुढच्या कातड्याच्या खाली शिवलेली असतात, त्यामुळे वरून बंद, चापूनचोपून दिसतो. डर्बीमध्ये ती पानं वरून शिवलेली, म्हणजे लेस सोडली की दोन्ही पानं पूर्ण उघडतात. कोट-टायवाल्यांच्या जगात ऑक्सफर्ड वरचा आणि डर्बी त्याच्या खालचा. पण आपल्या लोकांचा पाय चवड्याकडे रुंद आणि वरून उंच असतो. त्याला ऑक्सफर्ड चावतो. चौकशीला आलेल्या दहा माणसांपैकी आठ-नऊ जणांना मी डर्बीच काढून द्यायचो. हा माझ्या एकट्याचा अंदाज नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांची पावलं यंत्राने मोजली, आणि भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद असतं असा निष्कर्ष काढला. त्यावरून आपल्या देशासाठी 'भा' नावाची वेगळी मापं सुचवली गेली. आपण अजून वापरतो ती इंग्रजांची मापं, आणि त्या मापांची पायरी ठरली आहे जवाच्या दाण्यावर, इंचाच्या एक तृतीयांशावर. जवाच्या दाण्याशी आमच्या मांद्रे-मोरजीच्या पावलाचा काय संबंध? पाय आवळला म्हणून गिऱ्हाईक लांबीने एक नंबर मोठा घेतं, मग टाच निसटते, मग आत सुकतळा घालायचा. असे बूट घालून अवघडत चालणाऱ्या पिढीला आपण रुबाबदार म्हणत आलो.

आणि या फॉर्मल बुटांचं कुळ शोधायला गेलात तर सगळे कुठल्या ना कुठल्या चिखलातून किंवा मैदानातून आलेले निघतात. ब्रोग नावाच्या बुटावरची ती सुंदर नक्षीदार भोकं आयर्लंड-स्कॉटलंडच्या दलदलीतल्या लोकांच्या जोड्यांवरून आली. पाणी निथळून जावं म्हणून ती पाडत, असं सांगतात. डर्बीचा सख्खा चुलतभाऊ ब्लूशर हा प्रशियाच्या सेनापतीच्या नावाने ओळखला जातो. सैनिकांना झटपट पाय घालता यावा म्हणून त्याने बुटाची पुढची बाजू उघडी ठेवायला लावली, अशी त्याची कथा. बिनलेसचा लोफर नॉर्वेतल्या आउरलांड गावचा, साध्या गावकऱ्यांच्या पायातला. अमेरिकेत एका कंपनीने १९३६ साली तो विकायला काढला आणि पुढे कॉलेजची पोरं, मग वकील, मग बँकवाले तो घालू लागले. डेझर्ट बूट दुसऱ्या महायुद्धात कैरोच्या बाजारातून सैनिकी अधिकाऱ्यांच्या पायातून ब्रह्मदेशात पोचला, तिथे एका इंग्रज जोडेवाल्याच्या मुलाने तो पाहिला आणि १९५० च्या सुमारास बाजारात आणला. चेल्सी बूट राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. बाजूला रबरी पट्टी, लेस नाही, ओढला की पायात. साठच्या दशकात बीटल्सनी तो घातला तेव्हा विलायतेतल्या म्हाताऱ्यांनीही आपल्यासारखीच पत्रं लिहिली असतील.

स्नीकर हा त्याच रांगेतला पुढचा. अमेरिकेत १९१७ साली बास्केटबॉलसाठी कॅनव्हासचे उंच बूट निघाले, १९८५ साली एका खेळाडूच्या नावाचे जोड आले, आणि मैदानातला जोडा रस्त्यावर, रस्त्यावरून कचेरीत, कचेरीतून लग्नात आला. वाटेत कुठेही त्याने इतरांपेक्षा जास्त आगाऊपणा केलेला नाही.

माझ्या गल्ल्यावरून मी जे पाहिलं ते थोडक्यात सांगतो. लहानपणी दुकानात टोकदार बूट होते, बोटं एकमेकांवर चढायची. मग बेलबॉटम आल्या आणि पुरुषही जाड तळाचे, उंच टाचांचे बूट मागू लागले. बुटक्यांनी घेतले ते ठीक, ताडमाड लोकांनीही घेतले. नंतर पांढरे कॅनव्हास शूज, शनिवारी पी.टी.साठी खडू लावून पांढरे करायचे. नव्वदच्या दशकात फ्लोटर्स, म्हणजे पट्ट्यांचे सँडल, आले आणि कॉलेजची पोरं बूट विसरली. मग चौकोनी तोंडाचे बूट, त्यानंतर पुन्हा टोकदार, यावेळी इतके लांब की मोटारसायकलचा गिअर बदलताना आधी बुटाचं टोक पोचायचं. मग मोजे न घालता लोफर. त्याचा वास दुकानभर कसा पसरतो ते लेखात कुणी लिहिलेलं नाही. आणि आता पांढरे स्नीकर.

या सगळ्यात फॅशनला अजिबात न जुमानणारा एक म्हापशेकर होऊन गेला. मनोहरभाई पर्रीकर मुख्यमंत्री झाले, देशाचे संरक्षणमंत्री झाले, तरी त्यांची ओळख राहिली ती अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात साध्या चपला. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो. पण २००४ साली इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आला, शहरभर कोट-टायची वर्दळ झाली, तेव्हाही मुख्यमंत्री तेच होते. पत आणि पॉलिश यांचा संबंध जोडणाऱ्या पत्रलेखकांनी याचा खुलासा करावा. चपलेने त्यांची पत कमी झाल्याचं मी तरी गोव्यात कुणाकडून ऐकलं नाही.

एका ठिकाणी मात्र मी जुन्याच्या बाजूने उभा राहीन, आणि ती जागा आहे नाचाची फ्लोअर. आमच्या ख्रिस्ती गिऱ्हाइकांच्या लग्नांना मी जात आलो आहे. नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ, मग ग्रँड मार्च, मग सगळा गाव फ्लोअरवर. नाचणारी माणसं दुकानात आली की वरचं कातडं नंतर बघायची, आधी बूट उलटा करून तळ बघायची. कातड्याचा तळ हवा, रबराचा नको. कातडं गुळगुळीत फरशीवर सरकतं, त्यामुळे गिरकी घेताना पाऊल फिरतं. रबर जमीन धरून ठेवतं, पाऊल तिथेच राहतं, माणूस वळतो आणि मधल्या गुडघ्याचे हाल होतात. आमच्या ओळखीतले एक ज्येष्ठ, बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे, ते म्हणायचे, मी स्टेजवरून पाय बघून सांगतो कोण किती वेळ नाचणार. आता नवरेही स्नीकर घालून वॉल्ट्झ करतात. दिसायला वाईट दिसत नाही, पण गिरकी अर्धवट होते. ज्यांना खरंच नाचायचं आहे त्यांनी एक कातडी तळाचा जोड घ्यावा. बाकीच्यांनी उभं राहून फोटो काढून घ्यायचे असतील तर काहीही घालावं.

आता मला खरं ज्याचा राग आहे तिकडे येतो. वरून दिसणाऱ्या बुटाबद्दल इतकी पत्रं आली, खालच्या तळाबद्दल एकानेही लिहिलं नाही.

मागच्या एका लग्नात नवऱ्याचे मामा, माझ्यापेक्षा थोडे लहान, काळे चकचकीत बूट घालून आले होते. तुमच्या पत्रलेखकांना आवडतील असेच. पाहुण्यांना नमस्कार करत फिरत होते आणि मागे फरशीवर काळा भुगा पडत होता. जेवणापर्यंत एका बुटाचा अख्खा तळ गळून पडला. बूट मोजकेच वेळा घातलेले, खोक्यात, कागदात गुंडाळून, कपाटात जपून ठेवलेले. मामा दुकानदाराला शिव्या घालत होते. दुकानदार मी नव्हतो, देवाची कृपा. पण माझ्याही दुकानात असे बूट घेऊन लोक येतात आणि त्यांना हे समजावून सांगणं फार कठीण जातं.

होतं असं. नव्वदच्या दशकापासून पुरुषांच्या बुटांना मोठ्या प्रमाणावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ येऊ लागला. हलका, मऊ, दिसायला झकास, साच्यात ओतून वरच्या भागाला थेट चिकटवता येतो. शिवण नाही, खिळा नाही. पण त्यातल्या बऱ्याच तळांना हवेतला ओलावा आतून खातो. काही वर्षांत पदार्थाची बांधणीच सुटते आणि एक दिवस दाब पडला की भुगा. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, हवा वर्षभर दमट. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला की आतला ओलावा आतच राहतो आणि काम आणखी लवकर होतं. रोजच्या वापरातला जोडा त्या मानाने टिकतो. जपून ठेवलेला आधी मरतो. गिऱ्हाईक हे ऐकून माझ्याकडे असं बघतं की मी त्याच्या तोंडावर खोटं बोलतोय. पांढऱ्या स्नीकरमध्येही कुठे पीयू असतो, कुठे ईव्हीए नावाचा फोम असतो. ईव्हीए भुगा होत नाही, पण चेपून पातळ होतो. काळा असो वा पांढरा, फॉर्मल असो वा खेळाचा, आजचा बहुतेक जोडा एकदा तळ गेला की संपला. त्याला नवा तळ लावता येत नाही.

पूर्वीच्या बुटाला नवा तळ लावता यायचा. वरच्या कातड्याला कडेने एक पट्टी शिवायची आणि त्या पट्टीला तळ शिवायचा. तळ झिजला की पट्टीवरची शिवण उसवायची, नवा तळ लावायचा, वरचा भाग तसाच. हे काम हाताने फार वेळ खाई. १८७१ च्या सुमारास अमेरिकेत त्याचं यंत्र निघालं आणि गुडइयर नावाने ओळखलं गेलं. ज्या गुडइयरने रबर पक्कं करण्याची रीत शोधली त्याच्याच मुलाने ते पुढे आणलं. आता गंमत बघा, बापाच्या रबराने मुलाच्या शिवणीचा धंदा बुडवला. तसे शिवलेले बूट आजही मिळतात, पण सर्वसाधारण पगारदाराला न परवडणाऱ्या किमतीला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडाला पाच टक्के जीएसटी आणि त्यावर गेला की अठरा. म्हणजे पिढीभर टिकणारा जोड हा चैनीचा आणि दर वर्षी फेकायचा तो गरजेचा, असं सरकारच्या हिशेबात बसलं आहे.

आपल्याकडे दुरुस्त होणारा जोड नव्हता असं थोडंच आहे? कोल्हापुरी बघा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीने शिवलेलं, खिळा नाही. अंगठा तुटला, अंगठा बदला. तळ झिजला, खालचा पदर बदला. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना तिचं भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव आहे आणि म्हणून गोव्याचा तिच्याशी घरोबा जुना. चोर्ला घाट चढून साड्या घ्यायला गेलेलं प्रत्येक कुटुंब येताना कापशी प्रकारच्या कोल्हापुरीचा एक जोड घेऊन यायचं. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी ती प्रेरणा कबूल केली. त्या आठवड्यात आमच्या दुकानात येऊन तरुण पोरं कोल्हापुरी मागू लागली. मुलगा खूश. मी त्यांना सांगत होतो, बाबांनो, जून आहे, पावसात भिजली तर फुगून फाकेल, दसऱ्याला या. कुणी ऐकलं नाही. मग जुलैत तीच पोरं फुगलेल्या चपला घेऊन परत.

(भिजलेल्या कातड्याला उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली सावलीत सुकवावं आणि मग तेलाचा हात फिरवावा. तुमच्या वर्तमानपत्राचा हा उपयोग जाहीरपणे सांगतो आहे, रागावू नका. मराठी दैनिकाचा कागद त्यासाठी उत्तम, चकचकीत पुरवणीचा मात्र उपयोगाचा नाही. ओल शोषतच नाही.)

जोडा झिजतो आणि दुरुस्त होतो, यात आपल्या माणसाला कधी कमीपणा वाटला नाही. वेंगुर्ल्याकडे आरवलीच्या वेतोबाला गोव्यातूनही भाविक जातात आणि त्याला भल्याथोरल्या कातडी चपलांचा जोड वाहतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. पण त्या चपला ज्यांनी घडवल्या, ज्यांनी आमच्या काळ्या बुटांना टाचा मारून दिल्या आणि आरशासारखं पॉलिश केलं, त्यांना मात्र आपण पिढ्यान् पिढ्या ओसरीच्या खाली उभं केलं. पत जोड्यावरून कळते म्हणणाऱ्यांनी जोडा शिवणाऱ्याला किती पत दिली, तेही एखाद्या पत्रात यावं. हल्ली त्यांची पोरं हा धंदा करत नाहीत, आणि त्यांनी का करावा? आमच्या दुकानाबाहेर पायरीवर बसणारे एक काका, ज्यांच्या भरवशावर मी लोकांना डोळे झाकून बूट विकत होतो, ते थकून घरी बसले. त्यांची रापी आणि आरी त्यांनी मला दाखवायला म्हणून आणली होती, मुलाला नको आहेत म्हणाले. मुलगा एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. पायात अर्थातच काळे बूट, पीयूचा तळ.

तेव्हा नवरदेवांच्या मागे लागणं सोडा. त्याने स्नीकर घातले तर त्याला एवढंच विचारा की उलटे करून दाखव. कडेने शिवण आहे का, की नुसतं चिकटवलेलं आहे? नखाने दाबून बघ. शिवलेले स्नीकरही मिळतात, वाटीसारख्या रबरी तळाच्या कडेने टाके फिरवलेले असतात, ते थोडे जड लागतात पण उलत नाहीत. ज्यांच्या कपाटात मुलाच्या मुंजीतले काळे बूट पडून आहेत त्यांनी लग्नाच्या आठवडाभर आधी ते काढून अंगणात दोन फेऱ्या माराव्यात. भुगा पडायचाच असेल तर तुळशीपुढे पडू दे, व्याह्यांपुढे नको. नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, तेच त्याचं खरं माप. डर्बी मागा. मोजे घाला.

आणि एक मागणी, जी नगरपालिकांपर्यंत तुमच्यामार्फत पोचावी. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ठिकठिकाणी नवे बाजार, नवे बसस्टँड बांधले जात आहेत. त्यांच्या आराखड्यात मोबाईलच्या दुकानांना जागा असते, चहाच्या गाड्याला असते. जोडे दुरुस्त करणाऱ्यासाठी एक छोटी, पक्क्या छपराची, पंख्याची आणि विजेच्या पॉइंटची जागा हवी. छप्पर आणि पंखा चैनीसाठी मागत नाही. ओल्या तळावर सोल्यूशन धरत नाही. दोन्ही बाजू कोरड्या करून, लावून, थोडा वेळ सुकू देऊन मग दाबाव्या लागतात, आणि जून ते सप्टेंबर उघड्या फुटपाथवर ताडपत्रीखाली बसून ते होणं शक्य नाही. वर्षातले चार महिने, म्हणजे जेव्हा गोव्यातले सर्वांत जास्त जोडे उलतात नेमके तेव्हाच, दुरुस्ती करणारा घरी बसलेला असतो. छपराखाली बसवला तर जुन्या लोकांबरोबर एखाद-दुसरा नवा पोरगाही हे काम शिकेल, कारण स्नीकर धुणं, रंगवणं, चिकटवणं याला आता पैसे मिळतात आणि आमच्याच दुकानात दर आठवड्याला कुणी ना कुणी त्याची चौकशी करायला येतं. आम्ही त्यांना कुठे पाठवायचं?

आपला,
म्हापशातला एक जुना जोडेविक्रेता
(मुलगा रागावेल म्हणून नाव छापू नये ही विनंती)